आधी पारख सांगा, मग भाव बोला

आत्याने जुन्या नऊवारीच्या फडक्यात बांधलेले चौदा रुपये विकले, हे मला ते विकून झाल्यावर कळलं. सासूने तिला लग्नात दिलेले रुपये. दर लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि भाऊबीज झाली की पुन्हा फडक्यात बांधून कपाटात ठेवायचे. पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलायचे होते, पैसे कमी पडत होते. पुण्यात आली तेव्हा कुणाला न सांगता एका जुन्या नाण्यांच्या दुकानात गेली आणि देऊन आली. दुकानदाराने चौदाही नाणी काट्यावर ठेवली, मोबाइलवर त्या दिवशीचा चांदीचा भाव काढला, घट म्हणून थोडं वजा केलं आणि नोटा मोजून तिच्या हातात दिल्या. पावती दिली नाही. आत्या समाधानी होती, पत्र्यांचं काम भागत होतं.

आदल्या दिवाळीत तिच्या नातीने त्या ताम्हनाचा फोटो काढला होता. तो मी मोबाइलवर बोटांनी मोठा करत गेलो. बहुतेक राणीछाप, दोन-तीन सातव्या एडवर्डचे, बाकीचे पाचव्या जॉर्जचे. हळदीने पिवळं पडलेलं एक नाणं उलटं पडलं होतं. वेलबुट्टीच्या वर्तुळात 'वन रुपी इंडिया', त्याखाली फारसी लिपीतली ओळ आणि साल १९११.

नाणी जमवणाऱ्याला हे साल दिसलं की तो थांबतो. पाचव्या जॉर्जच्या पहिल्याच रुपयावर राजाच्या पोशाखावर एक इवलासा हत्ती कोरलेला होता. सोंड आखूड, पाय बुटके. पाहणाऱ्याला तो हत्ती न वाटता डुक्कर वाटायचा. मुस्लिम समाजातून मोठी नाराजी उमटली. सरकारने ती नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून सोंड-कान नीट दिसणारा हत्ती कोरला. म्हणून १९११ चा रुपया कमी उरला आणि संग्राहकांच्या बाजारात त्याला चांदीच्या भावापेक्षा बरंच जास्त मिळतं. त्याच्या पुढच्या-मागच्या कितीतरी सालांचे रुपये मात्र ढिगाने मिळतात आणि चांदीच्याच भावाने जातात.

आत्याला घेऊन मी त्या दुकानात गेलो. माणूस सभ्य होता. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. नाणी केव्हाच पुढे गेली होती. तो शांतपणे म्हणाला, "मावशींनी चांदी म्हणून दिली, मी चांदी म्हणून घेतली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यात फसवणूक कुठे आली?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं, कारण त्या माणसाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. काटा बरोबर होता, भाव त्या दिवशीचाच होता. आपल्याकडे जुन्या नाण्यांच्या व्यवहारातला बराचसा अन्याय असाच, गप्प राहून होतो.

कायदा त्याच्या बाजूने आहे का? बऱ्याच अंशी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिच्या खालीच स्पष्टीकरण दिलं आहे, की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशा गोष्टीबद्दल नुसतं गप्प राहणं हे कपट नाही; मात्र बोलणं हे त्या परिस्थितीत कर्तव्यच असेल, किंवा ते मौन म्हणजेच बोलणं ठरत असेल, तर ते कपट होतं. सोबतची उदाहरणंही वाचण्यासारखी आहेत. दोघे व्यापारी करार करताहेत, एकाला भावातल्या बदलाची आतली खबर आहे. ती दुसऱ्याला सांगण्याचं बंधन त्याच्यावर नाही. मात्र दुसऱ्या उदाहरणात विकत घेणारी नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आणि विकणारा तिचा बाप आहे. तिथे घोड्यातली खोड सांगणं बापाचं कर्तव्य ठरतं. थोडक्यात, गप्प राहण्याची मुभा कायद्याने बरोबरीच्या माणसांना दिलेली आहे. एक दुसऱ्यावर विसंबून असेल तर ती मुभा आटते.

मग आत्या आणि तो दुकानदार बरोबरीचे होते का? त्याच्या हातात भिंग होतं, पाठीशी वीस-पंचवीस वर्षांची नजर होती. तिच्याकडे एक फडकं होतं. ती त्याच्याकडे गेली ती 'जुन्या नाण्यांचे जाणकार' अशी पाटी वाचून. पाटी लावून ज्याने आपण जाणकार आहोत असं जगाला सांगितलं, त्याच्या दारात येणारा माणूस त्या जाणतेपणावर भरवसा ठेवूनच येतो. आत्याला नुसती चांदीच मोडायची असती तर तिने गावातल्या सराफाचं दुकान गाठलं असतं. ती नाण्यांच्या दुकानात गेली, कारण इथे नाणं ओळखलं जाईल असं तिला वाटलं. ते ओळखलं गेलं, पण तिला न सांगता.

ग्राहक संरक्षण कायद्याचाही इथे उपयोग नाही. २०१९ च्या त्या कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा किंवा सेवा घेणारा. दुकानातून खोटं नाणं विकत घेतलेल्या माणसाला आयोगाकडे जाता येतं. दुकानात खरं नाणं विकलेल्या बाईला ते दार बंद आहे, कारण त्या व्यवहारात ती ग्राहक नसून विकणारी आहे. नाण्यांच्या धंद्यात तर सगळ्यात दुबळा माणूस विकायला येणाराच असतो. नवरा गेल्यावर कपाट आवरणारी बाई, वाडा पाडताना कोनाड्यात डबा सापडलेलं कुटुंब, आजोबांचा छंद काय होता याचा पत्ता नसलेला नातू. विकत घेणारा निदान हौशी असतो, चार गोष्टी वाचून आलेला असतो, नाही पटलं तर न घेता निघून जाऊ शकतो.

आपल्या भाषेत हा व्यवहार किती मुरलेला आहे पाहा. नावाला बट्टा लागला, नाणं खणखणीत आहे, शेवटी खोटं नाणं निघालं, चलनी नाणं, पारखून घेणं. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना टांकसाळींचे रुपये फिरत. कोणत्या रुपयात चांदी किती, कोणता झिजलेला, कोणता दुसऱ्या मुलखातला, हे पाहून सराफ बट्टा, म्हणजे किमतीतली वजावट, कापत. बट्टा कापणं हा सराफाचा हक्कच होता आणि त्याबद्दल कुणी त्याला चोर म्हणत नसे. पण रुपया कोणता आहे हे सांगून तो कापायचा असे. नाणं पारखणारा पोतदार तर गावगाड्यातला मानाचा माणूस. आजही पोतदार आडनावाची घरं गावोगावी आहेत. पारख ही त्याची रोजी होती, पण ती त्याने रयतेपासून लपवायची नव्हती, तिच्यासाठी वापरायची होती. पेशवाई फार न्यायाची होती असं माझं म्हणणं नाही. सराफांच्या लबाड्या तेव्हाही असतील. पण नाण्याची ओळख आधी आणि बट्टा नंतर हा क्रम बरोबर होता, आणि तो आपण सोडून दिला आहे.

माझं म्हणणं या क्रमापुरतंच आहे. व्यापाऱ्याने नफा किती घ्यावा हे मी सांगत नाही. घरगुती माणूस नाणं विकायला आला, तर भाव बोलण्याआधी ते नाणं काय आहे हे व्यापाऱ्याने सांगावं. 'हा १९११ चा आहे, याला संग्राहकांकडे जास्त मागणी असते, साधारण इतक्याला जातो, मी तुम्हाला इतके देईन.' मग घासाघीस करा, हवा तेवढा वेळ करा.

यावर व्यापाऱ्यांचं उत्तर मला माहीत आहे. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्यात बसतो आणि त्यातले काही माझे जवळचे स्नेही आहेत. ते म्हणतात, ज्ञान हेच आमचं भांडवल. वीस वर्षं भिंगाखाली डोळे घालवले, ते फुकट वाटायचं का? शिवराईचंच उदाहरण घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे दीडशे-दोनशे वर्षं कुठे ना कुठे पाडलं जात होतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण ठसे कोरणारे हात अनेक. म्हणून कुठे 'शीव', कुठे 'सिव', कुठे अक्षरांची उलटापालट, कुठे नक्षीचे ठिपके वेगळे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर गोणपाटावर अशा झिजलेल्या शिवराया दिसतात. शंभरात नव्याण्णव सामान्य असतात, आणि त्या शंभरातली एक ओळखायला खरोखरच आयुष्य जातं. ही नजर ज्याने कमावली त्याने तिचा मोबदला घ्यायलाच हवा.

पण त्या नजरेचा मोबदला विकताना मिळतोच ना? सामान्य शिवराईंच्या ढिगातून वेगळी काढलेली शिवराई तो संग्राहकाला वेगळ्या भावाने देतो. विकत घेतानाही त्याला आपला वाटा कापून घेता येतो, आणि तो वाटा मोठा असला तरी माझी तक्रार नाही. दुकानाचं भाडं आहे, प्रदर्शनात टेबल मांडायचे पैसे आहेत, नाणं चार-चार वर्षं पाकिटात पडून राहतं, एखादं बनावट गळ्यात पडतं आणि त्याचं नुकसान मुकाट गिळावं लागतं. शिवाय पन्नास रुपयांचं नाणं ओळखायला, पाकिटात घालायला, त्यावर साल-टांकसाळ लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पन्नास हजारांच्या नाण्याला लागतो. म्हणून स्वस्त नाण्यावर व्यापारी निम्म्याहून कमी किंमत देऊ करतो तेव्हा विकणारा चिडतो, पण ते रास्त असू शकतं. याउलट ज्या नाण्याला गिऱ्हाईक फोनवरच तयार आहे, जे आठवड्यात जाणार आहे, त्यावर निम्मी किंमत देऊ करणं मला रास्त वाटत नाही. तिथे ना जोखीम आहे, ना पैसा अडकून पडतो. आणि यातलं काहीही विकणाऱ्याला समजावून सांगता येत नाही असं नाही. भाजीवाली मावशीसुद्धा 'आज आवक कमी आहे' म्हणून भावाचं कारण सांगते.

मुंबईच्या फोर्टात एक वयस्कर व्यापारी बसत. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक काचेचं कपाट आणि दोन स्टुलं. मी त्यांना एकदा माझ्याकडची दुबार झालेली पंधरा-वीस नाणी दिली आणि ठरलेले पैसे घेऊन घरी आलो. आठवड्याने फोन आला. त्यातल्या एका नाण्याची टांकसाळ मीही नीट वाचली नव्हती आणि त्यांनीही. घरी भिंगाखाली धरल्यावर ती त्यांना वाचता आली, आणि ती दुर्मीळ निघाली. म्हणाले, "घेताना मला माहीत असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं. ते मला आज कळलं म्हणून आज सांगतो. निम्मा फरक तुमचा." तो फरक तीन हजार रुपये होता. नंतर मी माझ्या ओळखीच्या किती जणांना त्यांच्याकडे पाठवलं याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण माझं स्वतःचं एकही महत्त्वाचं नाणं मी त्यांच्याखेरीज दुसऱ्याकडून घेतलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने दुकान मिटवलं. उरलेल्या प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नाण्याची ओळख लिहिलेली होती आणि शेजारी बारीक अक्षरात स्वतःची खरेदीची किंमत. ती किंमत ते ग्राहकाला दाखवत नसत, पण विचारली तर लपवतही नसत.

विकत घेणाऱ्याच्या बाजूने मुख्य दुखणं बनावट नाण्यांचं आहे. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन इतका दुर्मीळ, की तो पाहायला मिळणं हेच भाग्य. आणि बाजारात त्याच्या नकला मात्र उदंड. साच्यात ओतलेली नक्कल तरी ओळखता येते. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा गुळगुळीत आणि कडेला कधीकधी जोडाची रेघ. ठसा मारून केलेली नक्कल भल्याभल्यांना चकवते. महाराजांवरच्या प्रेमापोटी माणूस आयुष्याची शिल्लक काढून होन घेतो, आणि तो खोटा निघाला की दुकानदार म्हणतो, 'बघून घेतलात ना?' खोटं नाणं परत न घेणं हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. १९५१ मध्ये जिनिव्हात व्यावसायिक नाणेविक्रेत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. विकलेल्या नाण्याच्या अस्सलपणाची हमी देणं ही तिच्या सदस्यत्वाची अट आहे. ती हमी देऊनही त्यांचे धंदे चालतात. आपल्याकडे निदान बिलावर नाण्याचं नाव, साल, टांकसाळ, वजन आणि 'अस्सल' हा एक शब्द लिहून खाली सही करायला काय हरकत आहे? जो व्यापारी तो शब्द लिहायला कचरतो, त्याला त्या नाण्याबद्दल काहीतरी ठाऊक असतं.

नकला विकूच नयेत असं नाही. मुलांना हातात धरायला, शाळेत दाखवायला होनाची प्रतिकृती हवीच. फक्त तिच्यावर तसं लिहिलेलं असावं. अमेरिकेत १९७३ पासून कायदा आहे, की नाण्याच्या प्रतिकृतीवर 'कॉपी' हा शब्द उमटवलाच पाहिजे. आपल्याकडे 'प्रतिकृती' हा शब्द धातूत उमटवणं सक्तीचं केलं तर कुणाचंही नुकसान नाही, आणि महाराजांच्या नावावर चालणारी फसवणूक बरीच थांबेल.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची पाचाची नोट, ७८६ क्रमांक, यांचे लाखो रुपये देतो म्हणून मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींबद्दल फार लिहीत नाही. नाणं द्यायच्या आधीच 'नोंदणी फी' मागणारा तो व्यापारी नसतोच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून सांगितलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतंही शुल्क वा कमिशन घेत नाही. पण या जाहिरातींनी एक वेगळं नुकसान केलं. आता घरात जुनं नाणं सापडलं की माणूस एक तर ते लाखाचं समजतो, नाहीतर सगळंच थोतांड समजून मोडीत घालतो. प्रामाणिक व्यापाऱ्याने सांगितलेला मधला, खरा आकडा कुणाला पटत नाही.

चांदीच्या रुपयाबद्दल मात्र प्रत्येक घरात माहीत असावं असं थोडं सांगतो. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. युद्धाच्या काळात, १९४० पासून १९४५ पर्यंत, चांदी निम्म्यावर आली. 'जॉर्जचे सगळे अर्ध्या चांदीचे' असं कुणी सांगितलं तर साल वाचा. आणि विकायला नेण्यापूर्वी चिंच-मीठ लावून किंवा पावडरने घासून चकचकीत करू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी उतरते, आणि ती पुन्हा चढवता येत नाही.

आता माझ्यासारख्या संग्राहकांबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या बाजारात ढिगातून दुर्मीळ नाणं चाळीस रुपयांत उचललं, ही गोष्ट आम्ही एकमेकांना मोठ्या अभिमानाने सांगतो. गोणपाट मांडून बसलेला विक्रेता स्वतः व्यापारी असेल तर त्यात मला वावगं वाटत नाही. त्यालाही भिंग परवडतं, कलम १७ मधले ते दोन व्यापारी तेच. पण एका रविवारी एक म्हातारे गृहस्थ चादरीवर घरातल्याच वस्तू मांडून बसले होते. अडकित्ता, पितळी समई, चष्म्याची रिकामी घरं आणि एका वाटीत नाणी. त्या वाटीतलं एक संस्थानी नाणं मी ओळखलं, त्यांनी सांगितलेले पैसे दिले आणि निघालो. भाव त्यांनी सांगितला होता, मी घासाघीससुद्धा केली नव्हती. तरी ते नाणं मी कधी कुणाला दाखवू शकलो नाही. पुढच्या दोन रविवारी जाऊन त्यांना शोधलं, ते पुन्हा दिसले नाहीत. त्या दुकानदाराचं वाक्य ऐकताना मला ती वाटी आठवत होती, म्हणून त्याच्यावर आवाज चढवणं मला जमलं नाही. व्यापाऱ्यांकडे जे मी मागतो आहे, ते संग्राहकांनाही लागू आहे.

आणि या रांगेत सरकारही आहे. शेतात नांगराला हंडा लागला, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जे काही जमिनीत सापडेल, त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायची. तो निधी सरकारला हवा असेल तर मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. नाणं सातवाहनांचं असो की बहमनींचं, ऐतिहासिक किंमत शून्य; सरकारसुद्धा आत्याच्या दुकानदारासारखं काट्यावरच मोजतं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याखाली स्वतंत्र समिती अशा निधीची बाजारभावाने किंमत ठरवते आणि तेवढा मोबदला सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळतो. साहजिकच तिथला माणूस खबर देतो. आपला शेतकरी पोलिसांच्या फेऱ्यांना घाबरतो, रात्रीतून सोनाराला देतो, आणि नाणी मुशीत जातात.

मुशीत काय जातं हे कळायला नाशिकजवळचं जोगळटेंभी पुरेसं आहे. १९०६ मध्ये तिथे क्षहरात वंशाचा राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षहरातांचा पराभव झाला आणि जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या नाण्यांवर आपलं चिन्ह उमटवलं, हे त्या चांदीच्या चकत्यांनी सांगितलं. वजनावर ती विकली गेली असती तर काही शेर चांदी मिळाली असती. आपल्या इतिहासाचा एवढा मोठा पुरावा ज्या धातूवर आहे, त्याची किंमत धातूएवढीच धरणारा कायदा दीडशे वर्षं होत आली तरी चालू आहे, याचं मला मनापासून दुःख होतं. सरकारने आधी हे कलम बदलावं. मग व्यापाऱ्यांना शिस्त लावायला त्याला तोंड राहील.

व्यापाऱ्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे टेबल देताना आयोजकांनी एकच अट घालावी, की वर्णनासह बिल आणि खोटं निघाल्यास पैसे परत. त्याच हॉलमध्ये एक टेबल असं ठेवावं जिथे नुसती ओळख आणि किंमत सांगितली जाईल, खरेदी होणार नाही. त्याची शंभर रुपये फी घ्या. फी घेतल्याने सांगणाऱ्याच्या श्रमाचं मोल होतं, आणि विकायला आलेल्या बाईला, मोबदला देऊन सेवा घेणारी म्हणून, ग्राहकाचा हक्क मिळतो. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा माणूस एकच असला की त्याचे दोन हेतू एकमेकांना ओढतात. ज्याला स्वतःच घ्यायचं आहे त्याने ते आधी सांगावं, 'मला हे हवं आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका, दुसरीकडेही दाखवा.' हे वाक्य मी आजवर दोनच व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दोघांचीही दुकानं भरलेली असतात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. सुट्टीवर आलेल्या भाचीला आठवण म्हणून १९११ चा रुपया विकणाऱ्या दुकानदाराने हेही तिला सांगायला हवं. विमानतळावर अडकणार असते ती.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेलो. पत्रे नवे झाले होते. ओसरीवर शेजारच्या वहिनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बसल्या होत्या; त्यांच्या सासऱ्यांची नाणी, एकोणीस. आत्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की मी येणार आहे. मी आधीच म्हटलं, "वहिनी, मी यातलं काही घेणार नाही, फक्त काय आहे ते सांगतो." वहीचं पान घेतलं. एकेक नाणं उजेडात धरून साल वाचायचं, पाचव्या जॉर्जचा रुपया असेल तर खालच्या फुलाजवळ बारीक ठिपका आहे का पाहायचा, असला तर मुंबईची टांकसाळ, नसला तर कलकत्त्याची. आत्या शेजारी बसून लिहीत होती. १८६२, झिजलेला. १९०७, कान जोडलेला, दागिन्यातून काढलेला. १९१८, ठिपका आहे, मुंबई. १९४४, अर्ध्या चांदीचा. दोन तासांनी एकोणीसच्या एकोणीस नाणी लिहून झाली. खास असं एकही निघालं नाही, आणि ते मी तसंच सांगितलं. वहिनींनी पान चार घड्या करून डब्यात ठेवलं, वर नाणी ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. विकायची की नाही ते दिवाळीनंतर बघू म्हणाल्या.